निरागसपण: आधीचे आणि नंतरचे

उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी माझ्या वाट्याला येतेच. 'स्मृतिचित्रे'वर प्रश्न असला की बहुतेक विद्यार्थी "लक्ष्मीबाई टिळकांची शैली निरागस आहे" असे लिहून मोकळे होतात. जोडीला 'प्रांजळ', 'ओघवती', 'घरगुती' ही विशेषणे असतातच. आम्ही प्राध्यापक मंडळी त्यावर बरोबरची खूण करतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. वर्गात आम्हीच हे वाक्य सांगितलेले असते आणि आम्हाला ते आमच्या प्राध्यापकांनी सांगितलेले असते. यंदा मात्र एका विद्यार्थिनीने त्या वाक्यापुढे आपल्या मनचे एक वाक्य जोडले होते. इतके सोसलेली बाई निरागस कशी राहू शकेल, असे तिने विचारले होते आणि प्रश्नचिन्ह देऊन उत्तर तिथेच संपवले होते. मी पेन खाली ठेवले. या प्रश्नाला गुण किती द्यायचे ते मला ठरवता येईना, कारण त्याचे उत्तर मलाही येत नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते. 'निरागस' हा शब्द आज आपण लहान मुलांच्या चेहऱ्याला, डोळ्यांना, हसण्याला लावतो. मुळात मात्र तो संस्कृत 'आगस्' या शब्दावरून आला आहे आणि 'आगस्' म्हणजे अपराध, दोष, पाप. निरागस म्हणजे ज्याच्या नावावर अपराध नाही असा. म्हणजे हा शब्द मूळचा पाळण्यातला नव्हे. तो न्यायाच्या आणि हिशेबाच्या भाषेतला आहे. मराठीने तो उचलून बाळाच्या गालावर नेऊन ठेवला आणि त्याचा मूळ अर्थ आपण विसरलो. तो अर्थ आठवला की एक गोष्ट लक्षात येते. नावावर अपराध नसणे हे दोन प्रकारांनी शक्य आहे. एक तर तो कधी घडलेलाच नसतो. किंवा तो घडलेला असतो, पण ज्याचा अपराध केला त्यानेच तो खोडून टाकलेला असतो. पहिला प्रकार मुलांचा. दुसरा प्रकार मोठ्यांना उपलब्ध आहे की नाही, हा खरा प्रश्न. 'स्मृतिचित्रे'तले निरागसपण या दुसऱ्या प्रकारचे आहे असे माझे मत आहे. ते समजून घ्यायचे तर ख्रिस्ती परंपरेतल्या 'क्षमा' आणि 'कृपा' या दोन कल्पनांना बगल देऊन चालणार नाही. आपण वर्गात धर्मांतराचा प्रसंग कथानकातली कलाटणी म्हणून शिकवतो. ज्या विचाराकडे लक्ष्मीबाई वळल्या त्या विचाराकडे मात्र फारसे वळत नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. मी ख्रिस्ती नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात साखरा हे माझे गाव. घर माळकरी. एकादशी, हरिपाठ आणि सप्ताह यांत लहानपण गेले. ख्रिस्ती धर्माशी माझी ओळख पुस्तकांतून झाली, तीही मराठीच्या अभ्यासक्रमामुळे. तेव्हा हा लेख कुणाला कुठल्या धर्माकडे नेण्यासाठी नाही. एका पुस्तकाचे आपण ऋणी आहोत, त्या ऋणाचे नीट वाचन व्हावे, एवढाच हेतू आहे.

आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रश्न अगदी परकाही नाही. नामदेवांचे नर्सी आमच्याच जिल्ह्यात आहे. वडिलांनी नैवेद्य घेऊन पाठवलेला लहानगा नामा विठ्ठलासमोर हट्ट धरून बसतो, देव जेवत नाही म्हणून रडतो आणि शेवटी देवाला जेवावे लागते, ही कथा आमच्याकडे प्रत्येक आजी सांगते. देव खरेच जेवतो असे मानणारे ते पोर म्हणजे पहिल्या प्रकारच्या निरागसपणाचा कळस. पण परंपरा तिथे थांबत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. पुढे संतमंडळींच्या मेळ्यात गोरोबा थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासतात. बाकीचे शांत बसतात, नामदेव मात्र रागावतात, आणि हे मडके कच्चे आहे असा निकाल लागतो. मग कथा त्यांना विसोबा खेचरांकडे, औंढा नागनाथला, म्हणजे पुन्हा आमच्याच जिल्ह्यात घेऊन येते. देवाने ज्याच्या हातचे खाल्ले तोही कच्चा! परंपरेचा रोख स्पष्ट आहे. जन्माबरोबर आलेले भाबडेपण खरे असते, पण पहिल्याच टोल्याला ते दुखावते. भाजून निघाल्यावरचे साधेपण वेगळे, आणि ते गुरूच्या कृपेशिवाय येत नाही.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत. म्हणून नर्सी आणि औंढ्यावरून टिळकांच्या घरी जाणे ही ओढाताण ठरू नये.

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, मृत्यू फेब्रुवारी १९३६चा. म्हणजे हे पुस्तक पासष्टी ओलांडलेल्या, पती जाऊन पंधरा वर्षे झालेल्या बाईचे आहे. वडिलांच्या चरित्रासाठी मुलाला, देवदत्त टिळकांना, आठवणी हव्या होत्या, म्हणून त्या लिहू लागल्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते; अक्षरओळख लग्नानंतरची. यावरून आपण सहज असा निष्कर्ष काढतो की शिक्षणाचा संस्कार नसल्यामुळे त्यांचे लेखन निरागस राहिले. हा निष्कर्ष मला आता मान्य नाही. अशिक्षितपणा आणि निरागसपणा यांचा तसा काही संबंध असता तर आमच्या खेड्यापाड्यांत बांधावरून डोकी फुटली नसती.

त्यांचे बालपण पाहा. जिथे निरागसपण सापडायला हवे, तिथेच ते सर्वांत कमी आहे. वडिलांना सोवळ्याचे वेड होते. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, विटाळाची शंका आली की सारे घर वेठीला धरायचे, आणि त्या धाकात मुलांनी वाढायचे. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न. सासरे कडक आणि कडवट. नवरा प्रतिभावंत, उदार आणि मनस्वी. पण संतापी, न सांगता घर सोडून जाणारा, हाती आलेला पैसा कुणालाही देऊन टाकणारा. अपत्यांचे मृत्यू. या सगळ्यात 'रम्य ते बालपण' कुठेच नाही. निरागस आहे ती हे सांगणारी म्हातारी. स्पर्शाच्या भीतीत वाढलेली मुलगी पासष्टाव्या वर्षी त्या भीतीकडे पाहून खळखळून हसते आहे. माणसे वाढता वाढता निरागसपण गमावतात असे आपण मानतो. इथे एक बाई वाढता वाढता ते कमावते आहे.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून एक तुलना करतो. 'श्यामची आई' १९३५ साली, म्हणजे 'स्मृतिचित्रे'च्याच काळात प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तके मराठी मनाने आपली मानली. साने गुरुजींच्या पुस्तकात निरागसपणाचे घर मागे आहे, आईच्या पदराजवळ. ते घर आता नाही, आणि म्हणून वाचताना आपल्या डोळ्यांत पाणी येते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात मागे परतण्याजोगे घरच नाही. म्हणून त्या मागे पाहून रडत नाहीत, हसतात. एका पुस्तकात हरवलेल्या बालपणाची आठवण आहे आणि दुसऱ्यात मिळालेल्या बालपणाची. दोहोंत थोरले-धाकटे करण्याचा माझा हेतू नाही, पण दोहोंना एकच 'निरागस' हे विशेषण लावताना आपण थोडे थांबायला हवे.

मग हे बालपण मिळाले कुठून? पुस्तकाच्या मध्यावर ते धर्मांतर आहे. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी लक्ष्मीबाईंचे काय झाले, याचे भान आपल्याला आज सहजी येत नाही. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. समाजाच्या हिशेबात त्या सधवा की विधवा हेही कुणाला नीट सांगता येईना. मूल पदरात, आश्रय नातेवाइकांचा, आणि मनावर झालेला आघात वेडाच्या सीमेपर्यंत नेणारा. असा अपराध क्षमा करता येतो का? आणि मुळात टिळकांनी आपल्या श्रद्धेप्रमाणे जे केले, त्याला अपराध म्हणायचे की नाही? पुस्तक या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका झटक्यात देत नाही. त्यात सुमारे पाच वर्षे जातात.

या पाच वर्षांचा क्रम लक्ष देऊन वाचावा असा आहे. लक्ष्मीबाई टिळकांकडे परततात, पण आपले सोवळे घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे राखणारी, असा संसार काही काळ चालतो. टिळक तो चालू देतात. सक्ती नाही, वाद जिंकण्याची घाई नाही. संतापी म्हणून आपण ज्यांना आतापर्यंत ओळखत आलो, त्या टिळकांचे हे थांबणे मला फार मोठे वाटते. मग एके दिवशी लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करू लागतात. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर माणसांत तसा काही फरक दिसला असता. तो दिसत नाही. म्हणजे हे माणसाचे काम. बस्स. इथून पुढे त्या कुणाच्याही हातचे पाणी प्यायला मोकळ्या होतात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

जुन्या सोवळ्याच्या घरांत एक रीत असे. लहान मुलाच्या अंगावरचे कपडे काढले की ते सोवळ्यातल्या आजीला खुशाल जाऊन बिलगे. विटाळ कपड्याला, मुलाला नाही. लक्ष्मीबाईंचा तो विचार वाचताना मला नेहमी ही रीत आठवते. अंगावर चढवलेले सगळे उतरवून एक प्रौढ बाई पुन्हा कुणालाही शिवू शकणारे मूल होते. यापेक्षा 'निरागस' या शब्दाचे नेमके चित्र मला ठाऊक नाही. आणि हे चित्र घडते ते भाबडेपणातून नव्हे. पाच वर्षांच्या दुःखानंतर केलेल्या एका स्वच्छ तर्कातून.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय मी याच संदर्भात पहिल्यांदा सलग वाचला. स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण, असे शिष्य विचारतात. येशू एका लहान मुलाला बोलावून मध्ये उभे करतो आणि तुम्ही बालकांसारखे झाल्याशिवाय तिथे प्रवेश नाही, असे सांगतो. हे वचन सर्वांना माहीत असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही ते असते. पण आपण ते वचन तोडून घेतो आणि अध्याय पुढे कुठे जातो ते पाहत नाही. पुढे लहानांना अडखळवणाऱ्यांना कडक इशारा आहे. मग कळपातून चुकलेल्या एका मेंढराचा शोध आहे. मग भावाने तुझा अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याला तो सांग, अशी सूचना आहे. मग पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर येते, सत्तर गुणिले सात. आणि शेवटी त्या दोन ऋणकऱ्यांचा दृष्टांत. म्हणजे अध्याय सुरू होतो मुलापासून आणि संपतो क्षमेपाशी. 'मुलासारखे व्हा' ही आज्ञा आहे. ते कसे व्हायचे याची कृती उरलेल्या अध्यायात आहे.

दृष्टांतातले आकडे बोलके आहेत. राजाच्या चाकरावर दहा हजार तालांतांचे कर्ज आहे. एक तालांत म्हणजे त्या काळच्या मजुराची सुमारे वीस वर्षांची मजुरी. म्हणजे हे कर्ज जन्मोजन्मी फिटणारे नाही. राजाला दया येते आणि तो सारे सोडून देतो. बाहेर पडताच त्या चाकराला दुसरा चाकर भेटतो, जो त्याचे शंभर दिनार देणे लागतो, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. पहिला त्याचा गळा धरतो. दोन रकमांत सुमारे सहा लाख पटींचे अंतर आहे. येशूच्या बोलीत, अरामी भाषेत, ऋण आणि पाप यांना एकच शब्द होता असे अभ्यासक सांगतात. म्हणूनच मत्तयाने दिलेल्या प्रार्थनेत अपराधांऐवजी ऋणे सोडण्याची विनवणी येते.

ऋण या शब्दाचा अर्थ मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफ्या जाहीर झाल्या. सोयाबीन आणि हळद पिकवणाऱ्या माझ्या गावाने याद्या पाहिल्या, अंगठे दिले, पात्र-अपात्रतेचे निकष पाठ केले. त्या मदतीची गरज होती, तिची थट्टा करण्याचा अधिकार पगारदार माणसाला नाही. पण 'माफी' हा शब्द आमच्या कानांना असा निकषांसकट ऐकायची सवय झाली आहे. अमुक तारखेपर्यंतचे, अमुक रकमेपर्यंतचे, अमुक अटींवर. 'कृपा' ही कल्पना या सवयीला धक्का देते. तिच्यात यादी नाही, पात्रता नाही, शेवटची तारीख नाही. जो फेडू शकत नाही त्याचेच सोडले जाते, आणि मागण्याआधी सोडले जाते. आपल्याला हे खटकते, आणि खटकायला हवेच. कारण फुकट मिळालेले माणसाला लाजवते. घेण्याची लाज वाटत नाही ती फक्त मुलाला. मूल हात पसरते आणि घेते. त्याच्या मनात परतफेडीचे गणित नसते. कृपा आणि बालपण यांची गाठ इथे पडते असे मला वाटते. दिलेले घेता येणे, ही मुलाची विद्या मोठेपणी आपण विसरतो.

आता त्या विद्यार्थिनीकडे परत येतो. हे सारे मी वर्गात मांडले तेव्हा ती उठून म्हणाली, "पण सर, क्षमा नेहमी बाईनंच का करायची?" वर्ग शांत झाला. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. क्षमेचा उपदेश आपल्या समाजात बहुधा वरून खाली जातो. मार खाणाऱ्याला क्षमाशील व्हायला सांगतात, मारणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. सुनेने विसरावे, धाकट्याने पोटात घालावे, गावकुसाबाहेरच्याने जुने उकरून काढू नये. अशा क्षमेला मी क्षमा म्हणणार नाही. ती गप्प बसण्याची सक्ती आहे.

पण 'स्मृतिचित्रे'त गप्प बसणे कुठे आहे? पुस्तकाचे नावच स्मृतीवरून आहे. लक्ष्मीबाई काहीही विसरलेल्या नाहीत. सासऱ्यांचा जाच, नवऱ्याचा संताप, त्यांचे परागंदा होणे, घरात पैसा नसताना त्यांनी केलेली दाने, सगळे तारीखवार नसले तरी प्रसंगवार नोंदले आहे. ज्यांना सारा महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणून ओळखत होता, त्या टिळकांचे घरातले रूप त्यांच्या पत्नीने चारचौघांत मांडले आहे. त्या नोंदीत वसुलीची भाषा मात्र नाही. खतावणीतला प्रत्येक आकडा जागच्या जागी आहे आणि खाते बंद आहे. मला या पुस्तकातली क्षमा अशी दिसते. आणि ती अठराव्या अध्यायाशी जुळते. तिथेही 'जाऊन त्याला त्याचा अपराध सांग' ही पायरी क्षमेच्या आधी येते. मूलही असेच करते. "तू मला मारलंस" असे ते तोंडावर सांगते, आणि दुसऱ्या घटकेला त्याच माणसाच्या मांडीवर चढते. सांगणे आणि चढणे, दोन्ही खरे असते. मोठी माणसे यातले एकच करतात. काही मांडीवर चढतात आणि आतून धुमसत राहतात. काही सांगत राहतात आणि कधीच जवळ जात नाहीत.

शिवाय लक्ष्मीबाईंना जे मिळाले तेही या क्षमेत धरायला हवे. नवऱ्यापासून दुरावलेल्या, त्याच्या घरी त्याच्याच हातचे पाणी न पिणाऱ्या पत्नीला टिळकांनी जसे आहे तसे स्वीकारले. देणारा एक आणि घेणारा एक अशी ही गोष्ट नाही. दोघेही एकमेकांचे ऋणकरी आहेत आणि दोघांनीही सोडले आहे. पुढे त्या घरात दुष्काळातली पोरकी मुले आली, त्र्यंबक बापूजी ठोमरे हा हळवा तरुण मुलासारखा राहून गेला. तो ज्या 'बालकवी' या नावाने ओळखला जातो, ते नाव त्याला १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात मिळाले होते. पण त्या नावातल्या बालपणाला सांभाळून घेणारे एक घर त्याला नगरला लाभले. खाते बंद झालेल्या घरातच असे वारे खेळत असावे.

माझ्या मुद्द्याला इथे एक मर्यादा आहे, ती सांगतो. एका घरातली क्षमा आणि समाजातली क्षमा यांत फरक आहे. जातीने केलेल्या अन्यायाचे खाते पीडितांनी परस्पर बंद करावे, असे मी म्हणू शकत नाही. ते म्हणण्याचा मला हक्क नाही. लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले तेव्हा त्यांनी कुणाला क्षमा केली नव्हती; त्या स्वतः एका अपराधातून बाहेर पडल्या होत्या. उच्चवर्णीयांच्या वाट्याला या पुस्तकातून येणारा धडा क्षमा करण्याचा नसून क्षमेची गरज ओळखण्याचा आहे, असे मला वाटते.

आता थोडे स्वतःविषयी, कारण त्याशिवाय हा लेख अर्धा राहील. माझ्या शिक्षणासाठी थोरल्या भावाने शाळा सोडली होती. वडील गेल्यावर वाटणीत मी विहिरीकडचा तुकडा मागून घेतला. कागदपत्रे माझ्या बाजूची होती. कायद्याने मी कुठेच चुकलो नव्हतो. दादा काही बोलला नाही. नऊ वर्षे आम्ही लग्नकार्यात एकमेकांना चुकवत राहिलो. गावी गेलो की मी शेताकडे जात नसे. शेत बटईने दिलेले होते आणि त्याचा हिशेब मला फोनवर मिळत असे. पुढे शहरातल्या घरासाठी पैसे कमी पडले, तेव्हा तो तुकडा विकायचे ठरवून एका मे महिन्यात मी साखऱ्याला गेलो. विहिरीवर दादा होता. दोन गड्यांबरोबर विहिरीतला गाळ काढत होता. माझ्या विहिरीतला. बटईदाराने नंतर सांगितले, दर उन्हाळ्यात तोच काढायचा. विहीर बुजू द्यायची नाही, एवढेच म्हणायचा. मला पाहून त्याने हात पुसले, बिंदगीतले पाणी तांब्यात ओतले आणि म्हणाला, "ऊन लय झालंय. पाणी पी आधी."

मी ते पाणी प्यालो. दुसरे काही सुचले नाही. शाळेतून उन्हातून पळत आल्यावर याच विहिरीवर याच माणसाने मला पाणी पाजले होते, आणि मधली नऊ वर्षे, माझे पद, माझी कागदपत्रे, सगळे त्या तांब्यापुढे फार लहान झाले. क्षमा मागायला मी तोंड उघडले, तेव्हा ती आधीच मिळालेली होती. जमिनीचे कागद पुढे बदलले, पण ते पुढे. दादाने 'मत्तय' वाचलेला नाही आणि 'स्मृतिचित्रे'ही नाही. तो एकादशी करतो. ख्रिस्ती परंपरेने ज्याला कृपा म्हटले, ती कुठल्या विहिरीवर भेटेल याचा नियम नाही. पण मला ती ओळखता आली ती लक्ष्मीबाई वाचल्यामुळे. साहित्य शिकवणाऱ्याने साहित्याचा याहून मोठा उपयोग सांगू नये.

मी कायमचा निरागस झालो, असा दावा करणार नाही. मत्सर आहे, जुने सल आहेत, विभागातल्या कुरबुरी आहेत. सत्तर गुणिले सात या आकड्याचा अर्थ कदाचित हाच असावा की हे एकदा होऊन भागत नाही. लक्ष्मीबाईंनाही ते एकदम साधलेले नाही. पुस्तकाच्या पानापानांवर त्या पुन्हा चिडतात, पुन्हा रुसतात, पुन्हा हसतात.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न होता, इतके सोसलेली बाई निरागस कशी राहू शकेल. माझे उत्तर असे: ती निरागस राहिलेली नाही. ती निरागस झालेली आहे. 'राहणे' आणि 'होणे' या दोन क्रियापदांतले अंतर म्हणजे 'स्मृतिचित्रे'. पुढच्या वर्षी हे पुस्तक शिकवताना मी आधी फळ्यावर 'आगस्' लिहीन, त्याचा अर्थ सांगेन, आणि मगच पुस्तक उघडेन. तिच्या उत्तरपत्रिकेवर मी त्या प्रश्नाचे पूर्ण गुण दिले आहेत. नियमात ते बसते की नाही, हे मी तपासलेले नाही.